छऱ्यांसाठी साइझिंग डाय करून घ्यावी का?

प्रश्न विट्याहून आला आहे. थोडक्यात असा: मुलगी अकरावीत, १० मीटर एअर रायफल, आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) प्रकारात खेळते. तिच्यासाठी जुनी वॉल्थर एलजी ४०० घेतली. सरावात ६० गोळ्यांना दशांश गुणांत (एका गोळीला जास्तीत जास्त १०.९) ५९५-५९६ च्या पुढं गाडी सरकत नाही. टेक्सासला असलेला भाचा मोठ्या रायफलीची काडतुसं घरीच भरतो. त्याच्याकडं वेगवेगळ्या कंपन्यांच्या साइझिंग डाय, म्हणजे दाबून मापात आणायचे साचे, आहेत आणि तो म्हणतो, 'मामा, तुम्ही छर्रेसुद्धा डायमधून काढून एका मापाचे करा, मग बघा.' कुपवाड एमआयडीसीत ओळखीचे लेथवाले आहेत, घरी गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, व्यवसाय असल्यानं मिलिग्रॅमचा काटा आहे. तर डाय अख्ख्या छऱ्याची करावी की नुसत्या डोक्याची? माप ४.४९ मिलिमीटर ठेवावं की ४.५०? आणि वजन करून छर्रे वेगळे करण्यात काही राम आहे का?

दादा, डाय करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही लेथवाल्याशी बोलणं सुरू केलं असणार. पण तुमचा भाचा चुकीचं सांगतोय असंही नाही. त्याच्या कामात डाय लागतेच आणि तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. त्याचं काम वेगळं, आपलं वेगळं, एवढंच. ते वेगळेपण नीट कळलं की छऱ्यांचं काय करायचं ते आपोआप सुटतं, म्हणून आधी त्याच्या डायबद्दल बोलतो.

मोठ्या रायफलीचं काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाला गोळी. गोळी सुटली की चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, चार हजार बारच्या आसपास दाब तयार होतो. .३०८ सारख्या नेहमीच्या काडतुसाचा दाब त्याच घरातला. त्या दाबानं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, दाब गेला की थोडं मागं येतं, पण मूळ मापावर येत नाही. म्हणजे रिकामी पुंगळी ही त्या एका चेंबरचा जवळजवळ साचाच असते. ती पुन्हा वापरायची तर तिला परत मापात आणावं लागतं. साइझिंग डायचं काम हेच.

आता डायमध्ये प्रकार आहेत. फुल लेंग्थ डाय अख्खी पुंगळी दाबते: अंग, खांदा, मान, सगळं. नेक डाय फक्त मान दाबते, अंगाला हात लावत नाही. पूर्वी नेमबाजांचा ओढा नेक डायकडं असायचा. म्हणणं असं की अंग चेंबरच्या मापाचं झालंच आहे तर ते बिघडवायचं कशाला? पण तीच पुंगळी दर वेळी तशीच वापरली की अंग हळूहळू घट्ट होत जातं आणि चेंबर बंद करणारा बोल्ट लावताना जोर लागायला लागतो. स्पर्धेत बोल्टशी झटापट करणारा नेमबाज आपली बसलेली पोझिशन मोडतो. त्यामुळं आता बरेचसे लोक फुल लेंग्थ डायच वापरतात, फक्त ती इतक्या हलक्या हातानं बसवतात की खांदा जेमतेम ०.०५ मिलिमीटर मागं जावा.

तिसरा प्रकार बुशिंगचा. मानेच्या जागी बदलता येणारी कडी असते, एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या फरकानं मिळते, त्यामुळं मान किती आवळायची ते आपल्या हातात. रेडिंगच्या या डाय प्रसिद्ध आहेत. पण बुशिंग मान बाहेरून दाबते, म्हणून पितळाची जाडी एका बाजूला कमीजास्त असेल तर ती वाकडी जाडी आत ढकलली जाते. ली कंपनीच्या कोलेट डायनं हा प्रश्न उलटा सोडवलाय: आत घट्ट दांडा, बाहेरून बोटांसारख्या पाकळ्या मानेला दांड्यावर आवळतात. किंमत कमी, तेलाची गरज नाही, मान सरळ राहते. फॉर्स्टरवाले तुमच्या पितळाच्या मापाप्रमाणं डायच्या मानेचं भोक होन करून, म्हणजे बारीक घासून मापात आणून, देतात. मला विचाराल तर कारागिरीच्या दृष्टीनं सगळ्यात सरळ उपाय तोच. आरसीबीएस आणि हॉर्नडीच्या साध्या डायमध्ये मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि मग आतला एक्सपांडर बॉल तिला ओढत परत मोठी करतो. त्या ओढण्यात मान वाकडी होण्याची शक्यता असते. बहुतेक सगळ्या डायचे आटे मात्र एकच, सात-अष्टमांश इंच, चौदा आटे. त्यामुळं एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये, म्हणजे डाय दाबायच्या हातयंत्रात, बसते. भाच्याला विचारा, या वादावर तो तासभर बोलेल.

त्यानं सुट्टीवर येताना एखादी डाय बॅगेत टाकून आणतो म्हटलं तर मात्र ठणकावून नाही म्हणा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री येते, आणि परवान्याशिवाय तो बनवणं गुन्हा आहे. टेक्सासमध्ये जे दुकानातून उचलून आणता येतं ते इथं विमानतळावर डोकेदुखी ठरेल.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. डाय दुरुस्तीचं काम करते. एकदा वापरलेली, फुगलेली वस्तू परत कामाची करते, आणि ज्याची रायफल आहे तो ती दुरुस्ती आपल्या चेंबरला साजेशी करून घेतो. छऱ्याला यातलं काही लागू होत नाही. तो एकदाच उडतो. डब्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर कारखान्याच्या डायचं माप असतं आणि तुम्ही दुसरी डाय लावली की ते माप सुधारण्यापेक्षा मोडण्याचीच शक्यता जास्त. कशी, ते सांगतो.

एक छर्रा हातात घ्या. पुढं सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागं पोकळ स्कर्ट. डोकं बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांच्या माथ्यावर टेकून छर्रा सरळ ठेवतं. स्कर्ट डोक्यापेक्षा ठळक मोठा असतो, तो आट्यांच्या खाचांत दाबून बसतो आणि हवा अडवतो. म्हणजे दोन भाग, दोन वेगळी कामं, दोन वेगळी मापं. आता ४.४९ ची डाय करून अख्खा छर्रा तिच्यातून काढलात तर डोकं ४.५० चं ४.४९ होईल खरं, पण स्कर्टही ४.४९ चा होईल. हवा अडवायचं कामच गेलं. जास्त ताकदीच्या रायफलीत मागचा हवेचा दणका स्कर्टला परत फुलवू शकतो, आपल्या मॅच रायफलीत तेवढा दणकाच नसतो. गोळी सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जाते, ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. आवळलेला स्कर्ट आवळलेलाच राहतो.

मग नुसत्या डोक्याची डाय करू म्हणाल. तीही विचारात घेऊ. डोकं भोकात घालायचं म्हणजे मागून स्कर्टच्या पोकळीत दांडा घालून ढकलायचं आणि परत काढायला पुढून पिन मारायची. शिसं मऊ. पिन मारली की सपाट तोंडाला खळगा, दांडा जरा तिरका गेला की स्कर्टच्या कडेला मुडप. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्याचा मध्य आणि स्कर्टचा मध्य एका रेषेत राहिले की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी कळणार नाही. आणखी एक, थोडे छर्रे काढले की डायच्या भिंतीला शिसं धरतं. भोक लहान व्हायला लागतं, म्हणजे पहिला छर्रा आणि पन्नासावा छर्रा एका मापाचे राहत नाहीत. तेल लावलं तर चिकटणं थांबतं, पण ते तेल छऱ्याबरोबर बॅरलमध्ये जातं आणि वेग कमीजास्त करतं. कुपवाडचा टूलरूमवाला ४.४९ चं भोक दोन मायक्रॉनमध्ये होन करून देईल याबद्दल मला शंका नाही. तिथली पोरं पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग त्याहून अवघड मापात करतात. अडचण त्याच्या कौशल्याची नाहीच, छऱ्याच्या घडणीची आहे.

बाजारात असे छर्रे आवळायचे छोटे साइझर मिळतात, त्यांचे चाहतेही आहेत. स्वस्त, ओबडधोबड छर्रे जास्त ताकदीच्या स्प्रिंग गनमधून मारणाऱ्यांना त्याचा थोडा फायदा होतो, कारण त्यांच्या डब्यातच ४.४७ पासून ४.५५ पर्यंत सगळी जत्रा भरलेली असते. मॅच छऱ्याला ते लावणं म्हणजे शिवलेल्या सदऱ्याला परत कात्री.

मॅच छऱ्याच्या डब्यावर नीट बघा. ब्रँड आणि ४.४९ किंवा ४.५० या आकड्याबरोबरच लॉट किंवा बॅचचा नंबर असतो, काही कंपन्या डायचा नंबरही छापतात. छर्रा शिशाच्या तारेच्या तुकड्यातून थंडच दाबून बनतो आणि कारखान्यात अशा डाय बऱ्याच असतात. प्रत्येक डाय नवी असताना जरा लहान, झिजत गेली की जरा मोठी. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच छापील मापाचे दोन डबे वेगळे वागू शकतात. तुमचा भाचा जी डाय स्वतःच्या प्रेसवर बसवतो ती आपल्या बाबतीत जर्मनीत किंवा झेकमध्ये बसलेली असते. आपल्या हातात फक्त निवडणं.

आणि हे फक्त एअर रायफलपुरतं नाही. ५० मीटरला वापरतात ते .२२ काडतूस रिमफायर असतं, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला, त्यामुळं ते घरी पुन्हा भरायची सोय नाही. पॅरिसला २०२४ साली आपल्या शेजारच्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारच्या काडतुसावर. मोठे नेमबाज कंपनीच्या टेस्ट रेंजवर स्वतःची रायफल घेऊन जातात, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो लॉट त्यांच्या बॅरलला मानवतो तो पेट्यांनी घेतात. तिथंही कोणी डाय घेऊन बसत नाही.

आता काट्याकडं येऊ. तुमच्याकडं मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे, म्हणजे हात शिवशिवणारच. गणित करून बघा. रायफलचा नेहमीचा मॅच छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ५३० मिलिग्रॅम. दहा मीटर जायला त्याला साधारण सहा शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. एखादा छर्रा ५ मिलिग्रॅमनं जड निघाला तर वजन एक टक्का वाढलं, वेग अर्ध्या टक्क्यानं घटला, खाली येणं एक टक्क्यानं वाढलं. सतरा-अठरा मिलिमीटरचा एक टक्का म्हणजे ०.१८ मिलिमीटरही नाही. टार्गेटवर ०.१ गुणाची पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे एवढ्या फरकानं एक पायरीही पुरती ओलांडत नाही. आणि चांगल्या डब्यात बहुतेक छर्रे याच्याही आतल्या फरकाचे असतात. पाचशे छर्रे एकेक करून तोलत बसण्यात रात्र जाईल, हाती काही लागणार नाही.

काट्याचा एकच उपयोग मी करतो. अनोळखी ब्रँडचा डबा आला की त्यातले वीस-पंचवीस छर्रे तोलून बघायचे. आकडे ५१५ पासून ५४५ पर्यंत उड्या मारत असले की तो डबा पोझिशनच्या आणि ट्रिगरच्या सरावाला ठेवून द्यायचा, स्पर्धेच्या विचारातूनच काढायचा. फक्त दादा, सोन्याच्या काट्यावर शिसं ठेवू नका. शिशाचा अंश सोन्यात गेला की सोनं ठिसूळ होतं हे गलाईवाल्याला मी काय सांगू. वेगळी पारडी, वेगळं टेबल, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. मुलीलाही ही सवय लावा. छर्रे तोंडात धरायची खोड काही पोरांना असते, ती पहिल्या दिवशी मोडायची. सराव झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जेवणाचा डबा म्हणतोय मी.

वजनापेक्षा डोळा जास्त कामाला येतो. खिडकीपाशी एक काच सपाट ठेवा, किंचित उतार द्या आणि छर्रे एकेक करून आडवे सोडा. स्कर्ट मोठा, डोकं लहान, त्यामुळं छर्रा सरळ न जाता कमानीत घरंगळतो. चांगल्या छऱ्यांची कमान एकसारखी आणि गुळगुळीत येते. ज्याच्या स्कर्टला पोचा आहे तो मध्येच लचकतो, अडखळतो, किंवा त्याचा वळसा वेगळाच पडतो. तो बाजूला काढा. पोचा डोक्याला असला तर एक वेळ चालतं, स्कर्टला असला तर नाही, कारण बॅरलमधून सगळ्यात शेवटी स्कर्ट बाहेर पडतो आणि त्या क्षणी मागची हवा एका बाजूनं आधी सुटली तर छऱ्याला धक्का बसून तो तिरका होतो. हे पोचे बहुतेक वेळा कारखान्यात पडत नाहीत, वाटेत पडतात. कुरिअरनं मागवलेला डबा हलवून बघा. आत खडखड वाजत असेल तर वरचा फोम बसलाय आणि छर्रे एकमेकांवर आपटत आलेत. म्हणूनच मॅच छर्रे शंभराच्या खाचांच्या ट्रेमध्येही मिळतात, तिथं प्रत्येकाला आपली खोली असते.

आता खरा मुद्दा, मुलीच्या ५९५ चा. छर्रे बदलून किती गुण येतील ते आधी बघू. तिला प्रमाण विचलन शिकवलं असेल तर तिलाच हे गणित घाला. ५९६ मारणाऱ्या नेमबाजाचा विखुरलेपणा आडवा आणि उभा साधारण २ मिलिमीटर प्रमाण विचलनाचा असतो. चांगला छर्रा स्वतः ०.३ मिलिमीटरचा विखुरलेपणा घालतो, साधारण मॅच छर्रा ०.५ चा. हे दोन्ही सरळ बेरजेनं मिळत नाहीत, वर्गांची बेरीज करून मूळ काढावं लागतं. म्हणून चांगल्या छऱ्याला एकूण २.०२, साधारणला २.०६. साठ गोळ्यांवर हा फरक जेमतेम सव्वा गुणाचा. तिचा स्वतःचा विखुरलेपणा १ मिलिमीटरवर आला, म्हणजे गुण ६२५ च्या आसपास गेले, की त्याच छऱ्यांचा फरक सव्वादोन गुणांचा होतो. तिथं सव्वादोन गुण म्हणजे फायनलच्या आत की बाहेर. ५९५ वर सव्वा गुणासाठी डाय, काटा, होनिंग करत बसण्यापेक्षा तोच वेळ आणि पैसा श्वासाच्या लयीवर आणि ट्रिगरवर घातला तर दहा गुण निघतील.

याचा अर्थ छर्रे कसलेही चालतील असा नाही. वाईट छर्रे दुसरं एक नुकसान करतात: चांगली सुटलेली गोळी ९.४ ला गेली की पोरगी स्वतःला दोष देते, पुढच्या गोळीला नेम सरकवते, साइटचे क्लिक फिरवते. स्वतःच्या गोळीवरचा विश्वास उडाला की सराव वाया जातो. म्हणून एवढंच बघायचं की छर्रा तिच्या बॅरलला मानवणारा असावा आणि तोच दीर्घकाळ मिळावा.

तो शोधायची रीत सांगतो. आरडब्ल्यूएसचा आर १०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचा मॅच, यांतले मिळतील ते दोन-तीन घ्या, मिळाले तर ४.४९ आणि ४.५० दोन्ही. वजनाची जात नीट बघा. आर १० आणि माइस्टरकुगेल्न ०.५३ ग्रॅममध्ये येतात ते रायफलसाठी आणि ०.४५ मध्ये येतात ते पिस्तूलसाठी. डबे सारखेच दिसतात आणि दुकानदारही गफलत करतो. फिनाले मॅचचे रायफलचे ०.५३ चे आणि हलके ०.५१ चे असे येतात. गोल डोक्याचे छर्रे दहा मीटरला आणू नका. लांबवर ते बरे उडतात, पण कागद फाडतात, आणि कागदावर गुण मोजताना वाद होतो. सपाट डोकं कागदाला पंचसारखं भोक पाडतं.

मग रायफल क्लॅम्पमध्ये धरायची. बॅरल आवळायची नाही, हवेचा सिलिंडर तर अजिबात नाही; बॉडी किंवा स्टॉकचा अॅल्युमिनियमचा भाग रबर लावून पकडायचा. सांगली-मिरजेच्या कुठल्याही वर्कशॉपमधला जड वाइस आणि सिमेंटचा ओटा पुरतो. पंखा बंद. हे गंमत म्हणून सांगत नाही, बाजूनं सेकंदाला एक मीटरची झुळूक आली तरी दहा मीटरवर छर्रा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकू शकतो आणि तुम्ही बिचाऱ्या डब्याला नापास कराल. शेडला एका बाजूनं ऊन येत असेल तर सकाळी लवकर करा; वैशाखात आमच्याकडं दुपारी रायफलीला हात लावणं नकोसं होतं.

प्रत्येक डब्याच्या आधी दहा-पंधरा छर्रे असेच मारून सोडायचे. बॅरलला आधीच्या छऱ्याचं शिसं लागलेलं असतं, नवीन छर्रा स्वतःचा थर बसवेपर्यंत गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, पसरतात. नंतर दहा-दहाचे चार-पाच गट, प्रत्येक गट ताज्या कागदावर, मागं कडक पुठ्ठा. पाच गोळ्यांच्या एका गटावर कधीच निर्णय घेऊ नका. पाचात नशीब फार चालतं. एकाच डब्याचा एक गट ५.१ मिलिमीटर येईल आणि पुढचाच ५.८. दुकानदार तो ५.१ वाला कागद काचेखाली लावून ठेवतो. आणि सगळे गट एका डब्याचे मारून मग दुसरा, असं न करता आलटून पालटून मारा, पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला. नाहीतर दिवसभर तापमान आणि सिलिंडरचा दाब बदलत जातो आणि शेवटच्या डब्यावर अन्याय होतो.

मोजताना एक बारकावा. गटाच्या बाहेरच्या दोन कडांमधलं अंतर व्हर्निअरनं घेतो आपण, आणि त्यातून ४.५ वजा करतो. पण कागदातलं भोक बऱ्याचदा ४.५ पेक्षा थोडं कमी दिसतं, कागद परत आत येतो म्हणून. त्याच कागदावर एक सुटी गोळी मारून तिचं भोक मोजा आणि तो आकडा वजा करा. दहा गोळ्यांच्या गटाची बाहेरची सरासरी, म्हणजे भोक वजा न करता, ५.६ च्या आसपास असली तर तो डबा ठेवा, ६.४ च्या पुढं गेली तर सरावाला द्या. दोन डब्यांमध्ये ०.१ चा फरक असेल तर फरक नाही असंच समजा, जो मिळायला सोपा तो घ्या. आणि जिंकलेल्या डब्याचा बॅच नंबर लिहून त्याच नंबरचे डबे एकदम घ्या. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांकडं माल येतो तेव्हा येतो, पुढच्या खेपेला तीच बॅच असेल याची खात्री कोणी देणार नाही. कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात दमट खोलीत पडलेल्या शिशावर पांढरी भुकटी धरते, असा छर्रा स्पर्धेत घालू नका.

तुमच्या ४.४९ की ४.५० या प्रश्नाचं उत्तर त्यामुळं मी इथं बसून देऊ शकत नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तर एकीला ४.४९ आवडतो, दुसरीला ४.५०, आणि बऱ्याचदा फरकच दिसत नाही. छर्रा आत सरकवताना अंगठ्याला घट्ट वाटला म्हणजे माप बरोबर, असं क्लबातले जुने लोक सांगतात. अंगठ्याला कळतो तो स्कर्टचा घट्टपणा, डोक्याचा नाही. त्यावर डबा निवडू नका.

क्लॅम्पचं काम जमत नसेल तर रविवारी सांगलीला रायफल घेऊन या, आमच्याकडं वाइस आहे. डबे तुमचे आणा, सगळ्यांचे बॅच नंबर फोटो काढून ठेवा. पण निघण्याआधी एक गोष्ट आज रात्रीच बघा, छऱ्यांपेक्षा ती महत्त्वाची आहे. जुनी रायफल घेतलीत म्हणालात. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. या अॅल्युमिनियम सिलिंडरांना कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर २०० बारला भरायचा नाही, बाहेरून कितीही नवा दिसला तरी. स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) कोणी बघो न बघो, भरताना सिलिंडरजवळ उभी असते ती आपली पोरगी. मुदत संपली असेल तर रायफल आणू नका, आधी नवीन सिलिंडर मागवा.